खंडेनवमीस न विझलेल्या यंत्राची बखर

श्रीकुलस्वामिनी साक्ष. बखर लिहावयाची तर धन्याची आज्ञा लागते, लिहून पुरी जाहली की शालजोडी मिळते, आणि त्या शालजोडीपायी धन्याचे नाव पानोपानी घ्यावे लागते, ऐसा पूर्वापार शिरस्ता. प्रस्तुत बखरीस धनी नाही, आज्ञा नाही, शालजोडी तर नाहीच नाही. घडले ते घडले तैसे लिहिले आहे. कोणाचे मन दुखावल्यास दुखावो. दुखण्याजोगे असेल तेच दुखेल. आता चित्त देऊन ऐकावे.

वर्तमान ऐसे जे, सोलापुराहून हैदराबादेस जो शाही हमरस्ता जातो, त्यावर नळदुर्ग म्हणून नामांकित ठाणे. किल्ला बेलाग, आत पाणीमहाल, आणि बाहेर किल्ल्याहूनही बेलाग ऐसे धाबे. त्या धाब्यांचे पिछाडीस, जेथे मालट्रका अष्टौप्रहर धूर ओकीत उभ्या, तेथे ज्ञानतीर्थ नावाचे महाविद्यालय. त्या दौलतीचे मुखत्यार प्राचार्य अमरसिंह साहेब. मोठे दिलदार, मोठे भाविक, आणि सत्काराचे शौकीन. गावात कोणाचाही नारळ फुटो, पहिला तुकडा साहेबांचा. इल्म म्हणावा तर त्याचा त्यांस कधी त्रास जाहला नाही.

त्यांचे पदरी शिवलीलाबाई म्हणून रसायनशास्त्राच्या सरदार होत्या. सरदार म्हणावे, परंतु वतन नाही, सरंजाम नाही, बसावयास खुर्ची ती देखील ग्रंथालयातून मागून आणिलेली. नेमणूक तासिका तत्त्वावर. म्हणजे ऐसे जे, तास चालू तोवर बाई मॅडम, आणि घंटा वाजली की बाई कोण कोठल्या. एप्रिल सरला की दौलत त्यांस ओळखत नसे, आणि जून लागला की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच सवाल त्याच तोंडांनी. आणि बाई दरसाल नवे असल्यासारखे जबाब देत, कारण जबाब न दिल्यास त्या खुर्चीस दुसरे गिऱ्हाईक तयार.

ऐसियास बाईंचे चित्ती एकच मसलत, आणि ती साऱ्या मराठवाड्यात कोणास उमजेना. ती ऐसी जे, एखाद्या औषधाचा रेणू कागदावर काढून दिला, तर ते रेणू कोट्यवधींनी एकत्र येऊन स्फटिक करितील तेव्हा एकमेकांशेजारी कसे बसतील, हे बशीत न सुकविता आणि डोळ्यांनी न पाहता, नुसत्या संगणकाच्या हिशेबाने आधीच वर्तवावे. वर्गात हे सांगितले तेव्हा पोरे भिंतीकडे पाहत राहिली. मग बाईंनी दाखला दिला तो वडापच्या जीपचा, की जी नळदुर्गाहून तुळजापुरास जाते आणि जीत माणसे बसतात म्हणणे हे बसण्याचा अपमान होय.

“ड्रायव्हर कसं कोंबतो?” बाईंनी पुसिले.

मोनिका म्हणून एक वस्ताद पोरगी मागल्या बाकावरून बोलिली, “एकाला म्होरं सरकवतो, एकाला मागं. न्हायतर खांदं अडकत्यात मॅडम.”

“आन् टोपलं घेऊन बाई चढली तर?”

“मग समद्यांला उठवून पुन्हा मांडायचं, आन् शिव्या खायच्या.”

“झालं तर. रेणूचं हेच हाय,” बाई बोलिल्या. “बसायच्या तऱ्हा हजार. ज्या तऱ्हेत तंटा सगळ्यांत कमी, तीच टिकते. यंत्राला प्रत्येक तऱ्हेचा तंटा मोजायला लावायचा.”

आणि हे उपद्व्याप कशासाठी म्हणाल, तर गोळी तीच, औषध तेच, परंतु आतले रेणू एका तऱ्हेने बसले तर गोळी पोटात विरघळून रोग्यास गुण येतो, आणि दुसऱ्या तऱ्हेने बसले तर तीच गोळी पोटातून सहल करून जैसीच्या तैसी बाहेर पडते, आणि रोगी बापडा आपल्या नशिबास बोल लावितो. स्फटिकाने कारखान्यात गुपचूप बूड बदलले म्हणजे माणसे मरतात. ऐसी ही विद्या. आणि ती जाणणारी बाई मागून आणिलेल्या खुर्चीवर.

त्या साली दर्यापारच्या विद्वानांनी एक आंधळी कसोटी मांडिली. एका रेणूचे नुसते चित्र मुलुखोमुलुखी धाडिले. त्याचा खरा स्फटिक त्यांनी आधीच पाडून, क्ष-किरणांनी तपासून, कुलूपबंद ठेविला. ज्याच्या अंगी धमक असेल त्याने मांडणी वर्तवावी, उत्तर एकच द्यावे, आणि अमुक तारखेच्या सूर्यास्ताआधी द्यावे, ऐसा करार. ती तारीख आमच्याकडील दसऱ्याची. दर्यापारच्या मंडळीस दसरा काय ठाऊक. बाईंनी त्या कसोटीस नाव दिले, कारण विद्यापीठातील त्यांचे मार्गदर्शक, जे गेली सात वर्षे बाईंच्या प्रबंधावर निजले होते, ते एकाएकी जागे होऊन फर्माविते जाले की, नोंदणीची मुदत या साली सरते, मुदतवाढ भोगून चुकलात. आंधळ्या कसोटीत उत्तर खरे निघाले तर प्रबंध पुरा धरीन, न निघाले तर नाव कमी करीन. इतके फर्मावून ते पुन्हा निजले.

आता फौज तर पाहिजे. प्रयोगशाळेतील संगणक म्हणाल तर रांगेने वीस, परंतु जुने आणि दम लागलेले. एकच बुलंद यंत्र साऱ्या दौलतीत, आणि ते प्राचार्यांचे खासगीत. कोण्या योजनेतून आलेले, धिप्पाड अंगाचे, पोटात चार पंखे, वर मखमलीचे आच्छादन, आणि कामगिरी म्हणाल तर साहेबांच्या मित्रमंडळींच्या वाढदिवसांचे फलक रंगविणे. ऐसा ऐरावत तबेल्यात बांधून त्याजकडून शेण्या वाहविणे चालले होते. नवरात्राची सुटी लागली त्या दिवशी, म्हणजे घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, बाईंनी धीर करून अर्जी घातिली.

“न्या की,” साहेब बोलिले. “सुट्टीत माझं काय जातंय? फक्त कव्हर नीट घडी करून ठेवा.”

“सर, लाईट गेली तर कॉलेजचं जनरेटर...”

“मॅडम, जनरेटर परीक्षेला असतंय. रेणूला कशाला डिझेल?”

मग बाई हमरस्त्यावर गौरीशंकर धाबेवाल्याकडे गेल्या, ज्याच्या मळ्यात एक जनरेटर पोत्याखाली झाकून निजला होता, आणि त्यास रेणूंची कथा साद्यंत निवेदन केली. गौरीशंकराने शेवभाजीवर तर्री ओतता ओतता ऐकिले आणि जबाब दिला की, ताई, ते धंद्याचं हाय. मग बाईंनी निरुपाय होऊन घरचा इन्व्हर्टर रिक्षात घालून महाविद्यालयी आणिला, आणि घरी सासू रुद्रम्मा डोक्यावरच्या बंद पंख्याकडे पाहून कानडीत काही बोलिल्या, त्याचा तर्जुमा येथे देणे उचित नव्हे.

ऐसी तयारी करून घटस्थापनेच्या सकाळी, गावात घरोघरी मातीत धान्य पेरून घट बसत होते त्याच समयी, बाईंनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात यंत्र मांडून कळ दाबिली, आणि कूच जाहले. तो रेणू मोठा हरामखोर. दोन कडी, एक शेपूट, आणि मधला सांधा कसाही फिरे. आज या कुशीवर, उद्या त्या. यंत्राने हजारो छावण्या, म्हणजे बसण्याच्या तऱ्हा, मांडिल्या आणि मोडिल्या, मांडिल्या आणि मोडिल्या, आणि प्रत्येकीचा तंटा मोजून रद्दी दूर केली. बाई रोज येऊन पाहत, घाम पुसीत, वीज गेली की छातीवर हात ठेवीत, आली की ठेवलेला हात काढीत. मग आठवड्याअखेर तीनच छावण्या उरल्या. बाईंनी त्यांस नावे दिली. एक घट्ट, जीत रेणू अंगास अंग लावून बसलेले, मधून वारा जाणार नाही. दुसरी पाठमोरी. आणि तिसरी ऐसपैस, जीत प्रत्येकाने थोडी जागा सोडिलेली.

हिशेबात घट्ट अव्वल, पाठमोरी तिच्या पाठीस, ऐसपैस शेवटी. बाईंचे मनही घट्टीवरच जडले. जडणारच. जन्म वडापात गेला. जागा सोडून बसणाऱ्यास ड्रायव्हर काय बोलतो हे लहानपणापासून ऐकिले. घट्ट बसले तेच खरे बसले, ऐसे त्यांस न शिकविता ठाऊक. परंतु हा हिशेब होता गारठ्यातला, म्हणजे रेणू मुळीच हालत नाहीत ऐसे धरून केलेला. खऱ्या जगात रेणू थरथरतो, आणि ऊब लागली की थरथर वाढते. तो उबेचा हिशेब फार जड. यंत्र त्यास लागले ते अष्टमीस, आणि पुरा व्हावयाचा तो दसऱ्याच्या दुपारी. मधे एक दिवस खंड पडला तर उत्तर एक दिवस उशिरा, म्हणजे कधीच नाही.

आणि अष्टमीसच व्हाट्सअपच्या गटावर फर्मान सुटले. उद्या खंडेनवमी, सबब महाविद्यालयातील समस्त संगणक, छपाईयंत्रे, पंखे व घंटा बंद करून, ओल्या फडक्याने पुसून, पूजेस सिद्ध ठेवावीत, पूजिलेले हत्यार दसऱ्याच्या सायंकाळपावेतो कोणी चालवू नये, हयगय करणाऱ्याची गय होणार नाही. खाली हात जोडलेली चित्रे बत्तीस.

नवमीस सकाळी हमरस्त्यावर मालट्रका धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून, चाकाखाली लिंबू ठेवून ओळीने उभ्या, आणि क्लीनर लोक कोहळे फोडीत होते. इकडे बलभीम शिपाई, जो महाविद्यालयात सर्वांहून जुना आणि म्हणून सर्वांहून निर्भय, तो हळद-कुंकवाचे ताट एका हाती आणि ओले फडके दुसऱ्या हाती घेऊन प्रयोगशाळेत शिरला. वीस जुनी यंत्रे त्याने पुसून कुंकू लाविले, आणि मग तो कोपऱ्यातल्या ऐरावताकडे वळून खटक्यास हात घालू लागला.

“बलभीममामा, हात काढा!”

“बाई, सायबाचा हुकूम हाय. आज हत्याराला इसावा. आमी बैल जुंपत न्हाय, खुरपं उचलत न्हाय, आन् तुमचंच यंत्र लई लाडाचं व्हय?”

“उद्या दुपारपातुर चालू द्या. मग महिनाभर पुजा त्याला.”

“मग सणाला दिस कशाला ठिवलाय?”

या झटापटीचा गलबला ऐकून खासा प्राचार्यांची स्वारी आली, मागे सारा अमला, सर्वांच्या कपाळी कुंकू. साहेब यंत्रापाशी उभे राहिले. यंत्र घूं घूं करीत होते आणि त्याच्या कपाळी दोन दिवे, एक हिरवा आणि एक केशरी, लुकलुकत होते.

“मॅडम, हायवेला एक चाक हललं न्हाय आज. आणि ह्या यंत्राचं चालूच. काय उकडतंय त्याच्यात?”

“सर, रेणूंची ऊब मोजतीय.”

“ऊब? ऑक्टोबर हाय मॅडम. दारात उभं राहा, मोजली ऊब.”

अमला हसला. अमला हसण्यासाठीच ठेविलेला असतो. बाईंनी मग प्रबंधाची कथा सांगितली, कसोटी सांगितली, मुदत सांगितली, गोळी पोटातून जैसीच्या तैसी कशी बाहेर पडते तेही सांगितले.

“पीएचडी काय पळून चाललीय का?” साहेब बोलिले.

“व्हय सर. तीच पळून चाललीय.”

“उद्या संध्याकाळी करा की चालू. रीत म्हणून काय हाय का न्हाय?” इतके बोलून साहेबांनी खासा आपला हात खटक्यास लाविला.

त्या समयी शिवलीलाबाईंचे मस्तकी जे पेटले त्याचे वर्णन कोणत्या लेखणीने करावे. सात वर्षे. दरसालच्या मुलाखती. मागून आणिलेली खुर्ची. घरी काळोखात बसलेली सासू. आणि हा कुंकू लाविलेला हात, की ज्याने उभ्या जन्मात एक रेणू पाहिला नाही, तो एका बोटाने सारे विझविणार. रडावे की हात धरावे, ऐसे दोन्ही मनात येऊन गेले. मग बाई सरळ उभ्या राहून, थंडपणे, एकेक शब्द मोजून बोलिल्या:

“सर, घट बसला त्या दिवशी, त्या येळेला हे बसवलंय. तवापासून खंड न्हाय. आज विझवणार तुमी? तुमच्या हातानं?”

साहेबांचा हात खटक्यावर होता तेथेच थिजला. हिरवा दिवा लुकलुकला, मग केशरी लुकलुकला.

“आगं बया,” बलभीम बोलिला. “अखंड हाय व्हय ही?” आणि त्याने पायातली चप्पल काढून दाराबाहेर ठेविली.

मग एकेकाने काढिली. अमला अनवाणी जाहला. साहेबांनी हात ऐसा मागे घेतला की विस्तवावरून घ्यावा, आणि घसा खाकरून फर्माविते जाले की, सदरहू यंत्र नवरात्रात बसविलेले सबब त्यास कोणी हात लावू नये. त्याचे विघ्न ते संस्थेचे विघ्न समजावे. आणि दसऱ्यास जिने बसविले तिनेच विधिपूर्वक उठवावे.

येथे नमूद केले पाहिजे की बाई एक अक्षर खोटे बोलिल्या नाहीत. घटस्थापनेस बसविले होते. खंड नव्हता. बाकीचे सारे ऐकणाऱ्यांनी आपल्या पदरचे घातिले.

घटकाभरात ही वार्ता हमरस्त्यावर पसरली, धाब्यावरून धाब्यावर, आणि नळदुर्गच्या बायका ताटे घेऊन निघाल्या. आणि त्याच समयी विजेने दगा दिला. घरच्या इन्व्हर्टराने तास दीड तास किल्ला लढविला आणि मग तो चिं चिं करू लागला. तोच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, झेंडूच्या माळा घातलेला, हलगी वाजवीत, गौरीशंकराचा जनरेटर आला.

“ताई, आधी बोलायचं की, देवीचं हाय म्हणून!” गौरीशंकर घाम पुसीत बोलिला. “डिझेलची काळजी सोडा. टाकी भरून आणलीय.”

“अण्णा, घट बसायच्या आदल्या दिवशीच आलते की तुमच्याकडं. हेच मागत हुते.”

“तवा तुमी रेणू रेणू म्हणत हुता,” गौरीशंकर बोलिला, आणि त्यात त्यास काही गैर वाटले नाही.

वाचकहो, येथे थोडे थांबावे. तेच यंत्र, तीच बाई, तेच डिझेल. रोगी वाचावा म्हणून मागितले तेव्हा ते धंद्याचे होते. यात देवीस काय दोष? देवीने आजवर कोणाचे डिझेल अडविले नाही. अडविणारे सारे तिचे नाव घेऊन दुसऱ्याचे दिवे विझविणारे आहेत, आणि ते नवस देखील स्वतःपुरता बोलतात. पुढील वर्तमान घ्यावे.

जनरेटर सुरू जाहला आणि किल्ला वाचला. परंतु आता खरे संकट उभे राहिले ते भक्तीचे. बायका येत, माळ घालीत, कडाकण्या बांधीत, ऊद जाळीत, आणि घटकेघटकेस यंत्र झेंडूखाली दिसेनासे जाहले. त्याच्या पोटातील पंख्यांच्या जाळ्या फुलांनी बुजल्या. आत ऊब मोजणारे यंत्र आपल्याच उबेने शिजू लागले, आणि चारही पंखे एकदम वेग घेऊन हंबरू लागले.

“अंगात आलं! घुमाय लागली, घुमाय लागली!” बायकांत कल्लोळ उठला. कोणी नारळ घेऊन पुढे धावली आणि यंत्रावरच फोडणार, इतक्यात बाईंनी तिचा हात वरचे वर धरिला. पडद्यावर आकडे लाल जाहले होते. आणखी अर्धी घटका, आणि यंत्र आपणहून डोळे मिटणार. बाई माळा उपसू लागल्या तो बायका खवळल्या.

“नव्वीच्या दिशी देवीच्या गळ्यातली माळ काढती! लई शिकली म्हणून काय झालं?”

त्या गर्दीतून वाट काढीत रुद्रम्मा आल्या. कपाळी विभूती, गळ्यात लिंग, हाती काही नाही. त्या घरच्या इन्व्हर्टराची चौकशी करावयास आल्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिले, झेंडूच्या ढिगाकडे पाहिले, आणि सुनेस कोपऱ्यात ओढून हळूच पुसिले, “लीला, हे काय सोंग मांडलंस?”

“अत्या, सोंग न्हाय. घट बसला त्या दिवशी चालू केलंय एवढंच बोलले.”

“आन् देवी म्हणून कोण बोललं?”

“हे समदे.”

“उद्या दुपारपातुर टिकलं तर तुझं काम व्हईल?”

“व्हईल अत्या. न टिकलं तर सात वर्षं गेली.”

“अय्यो यव्वा,” रुद्रम्मा स्वतःशीच बोलिल्या. मग वळून बायकांवर कडाडल्या, “काय गं, देवीच्या नाकातोंडावर माळा घालता? तुमच्या तोंडावर कुणी उशी दाबली तर घुमशिला का न्हाय? काढा म्हणते! माळ पायापाशी. ऊद दाराभाईर. नारळ तर पार तिकडं, बलभीमाच्या डोस्क्यावर फोडा.”

बायका हसल्या आणि माळा उतरल्या. कारण सुनेचे ज्ञान ते ज्ञान, आणि सासूचा आवाज तो आवाज. मग रुद्रम्मा खुर्ची टाकून, तीच ती ग्रंथालयातली, यंत्रापुढे ठाण मांडून बसल्या, आणि जाहीर केले की, उद्या उठेपातुर म्या हितून हलत न्हाय, कोण हात लावतंय बघू. गौरीशंकराने धाब्यावरचा कूलर आणून लाविला, ज्याच्या वाऱ्यात आजवर फक्त गल्ल्यावरचा माणूस बसे. आकडे लालाचे पिवळे जाहले, पिवळ्याचे हिरवे. पंखे शांत जाहले. बायका म्हणाल्या, देवी निवली. खरेच निवली होती.

दसरा उजाडला. दुपारी, हमरस्त्यावर मालट्रकांनी लिंबे चिरडून पुन्हा धूर ओकावयास प्रारंभ केला त्या सुमारास, हिशेब पुरा जाहला, आणि बाईंनी पडदा पाहिला आणि पाहतच राहिल्या. उबेने सारी दौलत उलथिली होती. घट्ट छावणी, जी गारठ्यात अव्वल, तीत रेणूंस थरथरावयास जागाच नव्हती; ऊब लागताच तिचा तंटा चढला. पाठमोरी मधेच राहिली. आणि ऐसपैस, जीस बाईंनी मनातून केव्हाच जीपखाली उतरविली होती, तीत प्रत्येक रेणू आपल्या जागी मोकळा डोलत होता, आणि तीच अव्वल निघाली. काल खटका पडता तर बाई आज घट्टीचे नाव धाडित्या, आणि आपल्या हाताने आपली मान देत्या.

सारा जन्म सांगत होता घट्ट. एक दिवसाचा हिशेब सांगत होता ऐसपैस. मग बाईंनी ऐसपैस धाडिली, मोबाईलच्या इंटरनेटवरून, सूर्य अजून किल्ल्याच्या बुरुजावर असता.

त्या समयी प्राचार्य आपट्याची पाने घेऊन आले आणि मोठ्या अदबीने पुसते जाले, “मॅडम, काय दिलं देवीनं?”

“ऐसपैस दिलं, सर.”

“देणारच! तिच्या दरबारात कमी काय,” ऐसे बोलून साहेबांनी यंत्रास नमस्कार केला, आणि चुकून बाईंसही केला.

पुढे यथावकाश दर्यापारी कुलूप उघडिले, क्ष-किरणांचे चित्र बाहेर आले, आणि ते बाईंच्या छावणीशी तंबूस तंबू, खुंटीस खुंटी जुळले. मोठमोठ्या फौजांनी घट्ट वर्तविली होती. त्यांची शिकस्त जाहली. मार्गदर्शक जागे जाहले आणि प्रबंध पुरा धरिला. महाविद्यालयाचे कमानीवर फलक चढला, त्याच ऐरावतावर रंगविलेला: वर देवी, मधे प्राचार्य अमरसिंह साहेब दोन्ही हात जोडून, त्याखाली माळा घातलेले यंत्र, आणि सर्वांत खाली, छपाईवाल्याच्या मोबाईल नंबराच्या वर, शिवलीलाबाईंचे नाव. बाई ते वाचून हसल्या. राग आला की त्यांस आताशा हसू येई.

मग वर्ष फिरले आणि नवरात्र आले. साहेबांनी बाईंस खासगीत बोलावून पुसिले, “मॅडम, यंदा घटाला तेच मशीन बसवायचं ना?”

“ते आणि प्रयोगशाळेतली वीस. सगळी.”

“सगळी?”

“सर, एकदा बसवल्यावर वाढवायचं असतंय. यंदा तेवढंच ठिवलं आन् काय इघ्न आलं, तर तुमी सांगा समद्यांला.”

साहेबांचा चेहरा झेंडूसारखा पिवळा जाहला, आणि हुकूम सुटला. वीस जुन्या यंत्रांत नवे दम भरविले, गौरीशंकराचा जनरेटर पाच दिवस आधीच दारी येऊन उभा, बलभीम पहाऱ्यास, रुद्रम्मा खुर्चीवर. बाईंनी प्रत्येक यंत्रास एकेक औषधाचा रेणू नेमून दिला आणि कळ दाबिली.

दसरा आला. साहेब पाने घेऊन आले आणि बोलिले की, मॅडम, उठवा आता. आणि बाई शांतपणे बोलिल्या की, अजून पुरं झालं न्हाय, सर. दिवाळी आली, पुरे जाहले नव्हते. संक्रांत आली, रेणू कूस बदलीतच होते. हात लावण्याची छाती कोणाची होईना, कारण जिने बसविले तिनेच उठवावे, हे फर्मान खुद्द साहेबांचे. मग एप्रिल सरला, आणि दरसालप्रमाणे तासिकेवरच्या मंडळीस निरोप द्यावयाचा समय आला, तेव्हा संस्थेच्या बैठकीत सवाल उठला. ही बाई गेली तर उठवणार कोण? आणि न उठविता यंत्रे बंद पडली तर जबाब कोण देणार? कोणीच देईना. सबब त्या उन्हाळ्यात, दौलतीच्या इतिहासात प्रथमच, एका तासिकेवरच्या बाईस मे महिन्यातही माणूस म्हणून ओळखण्यात आले.

एणेप्रमाणे नळदुर्गच्या मैदानी शिवलीलाबाईंची फत्ते जाहली. रेणू जिंकिला, प्रबंध जिंकिला, एकवीस यंत्रे आणि एक जनरेटर कब्जात आला. खुर्ची मात्र अद्याप ग्रंथालयाचीच आहे. हिरवे केशरी दिवे लुकलुकत आहेत. घट बाईंनी अजून उठविलेला नाही.